मूठभर मीठ वर

आधी कोडं घालते. समजा, तुमच्या अंगणात रोज कुणीतरी एक वस्तू ठेवून जातं. चोरी कसलीच होत नाही. तुम्ही ती वस्तू उचलली नाहीत, तर दुसऱ्या दिवशी तिथे आणखी जास्त वस्तू ठेवलेल्या असतात. तर ठेवणारा वेडा आहे, उदार आहे, की तिसरंच काही? विचार करून ठेवा. मला उत्तर मिळायला चार दिवस लागले, आणि तेसुद्धा माझं मला सापडलं नाही.

हे घडलं २०७१ सालच्या मे महिन्यात. मी शलाका आरोंदेकर, तेव्हा अकरा वर्षांची होते. वेंगुर्ल्याच्या खाली तळखार नावाचं आमचं गाव आणि तिथे आमचं मिठागर. खाडीचं पाणी उथळ वाफ्यांमध्ये घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि खाली उरलेलं मीठ फळीने ओढून ढीग लावायचे, हे काम. ते माझी आई करायची आणि मी मधेमधे करायची.

त्या काळात मे महिन्यात पारा सत्तेचाळिसाला टेकायचा. साडेअकराला गावचा भोंगा वाजला की सगळ्यांनी घरात जायचं आणि चारच्या भोंग्याला बाहेर पडायचं, असा नियमच होता. आदल्या वर्षी आईने तो मोडला. "ह्यो एक वाफो ओढतंय आणि येतंय" म्हणाली आणि वाफ्यातच चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा ऊन लागलं तर मिठागर कायमचं विसरायचं. आई तेव्हा हो म्हणाली, पण मिठागराशिवाय आई म्हणजे काय, याची मला कल्पनाच करवत नव्हती. या उन्हाळ्यात मी सारखी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे.

तर एका दुपारी चारच्या भोंग्यानंतर आम्ही गेलो आणि सातव्या वाफ्याच्या बांधावर, मिठाच्या ढिगाशेजारी, पाच खडे ओळीने मांडलेले दिसले. काळे-निळे, बोराएवढे.

"शलाका, ह्यो तुझो उपद्व्याप मां?" आईने विचारलं.

"माझो नाय गो, शप्पत!"

मी एक उचलला आणि ओरडलेच. सगळा बांध तव्यासारखा तापलेला असताना तो खडा गार होता. आईने तो माझ्या हातून काढून परत जागेवर ठेवला. "लोकांची वस्तू आसा ती. ज्येची आसात तो घेऊन जायत."

कुणी नेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सात खडे झाले, तिसऱ्या दिवशी दहा. आईने ग्रामपंचायतीत रीतसर अर्ज दिला, पण मे महिना होता आणि अर्धी ग्रामपंचायत लग्नाला गेलेली. चौथ्या दिवशी चौदा खडे झाल्यावर मी कुंबाआजीला हाताला धरून ओढत आणलं.

कुंबाआजी म्हणजे डॉक्टर कुंबा डुकुरे. स्फटिकशास्त्रज्ञ (मीठ, साखर, हिरा अशा पदार्थांतले कण कसे रचलेले असतात ते अभ्यासणारी). पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या काये शहराहून आमच्या मिठाचा अभ्यास करायला आली होती आणि आमच्याच घरी राहायची. अडुसष्ट वर्षांची, माडासारखी उंच, आणि आईच्या सोलकढीवर तिचा फार जीव. तिच्या गळ्यात एक दुभाषी डबी असायची. कुंबाआजी तिच्या भाषेत बोलली की डबी ते मराठीत सांगायची. डबीचं मराठी इतकं शुद्ध होतं की आई तिच्याशी बोलताना पदर सारखा करायची.

कुंबाआजी खड्यांकडे बघून बांधावरच मट्कन बसली.

"या वस्तूंना कुणी हात लावला काय?" डबीने विचारलं.

"मी एकच उचलला होता, तर आईने तो परत जागेवर ठेवला."

"उत्तम. कृपया मातोश्रींचे अभिनंदन करावे." आणि कुंबाआजी इतकी हसली की डबीला त्याचं भाषांतर जमेना. "शलाका, ही गोष्ट माझ्या पूर्वजांची आहे. तुझ्या दारात कुणीतरी माल मांडून भाव विचारत आहे."

"कसला भाव?"

"मिठाचा! पाचात देता का? नाही? मग सातात? दहात? तू उचलत नाहीस, म्हणजे त्यांना वाटतं, तुला भाव पटलेला नाही."

मग तिने मला सगळं नीट सांगितलं. (इथून पुढे डबीचं 'कृपया' गाळून लिहिते, नाहीतर गोष्ट संपायची नाही.)

"सहारा वाळवंटाच्या खालच्या अंगाला, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, आमच्या सोनिंके लोकांचं राज्य उभं राहिलं. त्याचं नाव वागादू. राजाला म्हणायचे घाना, म्हणून बाहेरचे लोक राज्यालाच घाना म्हणू लागले. आजचा घाना देश तिथून बराच लांब आहे, त्याने मान म्हणून नाव तेवढं घेतलं. आता विचार कर. वागादूच्या उत्तरेला वाळवंट. तिथे जमिनीखाली मिठाचे थर. इतकं मीठ की तेगाझा नावाच्या गावात घरांच्या भिंतीही मिठाच्या लाद्यांच्या होत्या. आणि दक्षिणेला नद्यांच्या वाळूत सोनं, पण मिठाचा पत्ता नाही. मग काय होईल?"

"उत्तरेचे लोक दक्षिणेला मीठ नेतील."

"आणि?"

"आणि सोनं आणतील? मिठाच्या बदल्यात? वेडे होते का ते सोनंवाले!"

कुंबाआजी म्हणाली, "उद्या दिवसभर मिठाशिवाय जेव. मग बोलू."

मी दुपारपर्यंत टिकले. अळणी पेज, अळणी भाजी, आणि वर तो घाम. आमटीत मीठ घालून दे म्हणून मी आईच्या मागे लागले तेव्हा कुंबाआजी समोरच बसली होती.

"एकाच दिवसात मिठासाठी भांडायला लागलीस! घामावाटे मीठ बाहेर जातं. नसांमधून निरोप जायला, स्नायू हलायला ते लागतंच. उष्ण प्रदेशात ते मिळालंच नाही, तर माणूस गळून जातो. सोन्यावाचून कुणी आजारी पडत नाही. नदीकाठी सोनं वाळूत पडलेलं असायचं, म्हणून तिथे त्याची फारशी अपूर्वाई नव्हती. उत्तरेत मिठाचं तसंच. एखादी वस्तू मुळात महाग किंवा स्वस्त नसते. ती कुठे आहे आणि तिथे कुणाला तिची गरज आहे, यावर तिचं मोल ठरतं."

"आणि वागादू मधोमध!"

"मधोमध. उंटांचे काफिले (वाळवंटातून एकत्र प्रवास करणारे तांडे) तिथूनच जायचे. येणाऱ्या मिठावर कर, जाणाऱ्या मिठावर कर. वाटा सुरक्षित ठेवायची जबाबदारी राजाची. त्या करांवर मोठी नगरं वसली. राजाच्या दारात बसणाऱ्या कुत्र्यांच्या गळ्यातही सोन्याचे पट्टे असायचे."

"हे तुला कसं माहीत?" मी विचारलं. कुत्र्यांचं ऐकल्यावर मला शंका आली होती.

"छान विचारलंस. तीन वाटांनी कळतं. अरब प्रवाशांनी आणि पंडितांनी लिहून ठेवलंय. जमीन खणणाऱ्यांना त्या नगरांच्या दगडी भिंती सापडल्यात. आणि आमच्याकडे गेसेरे असतात, म्हणजे वंशाचा इतिहास पाठ करून पिढ्यान् पिढ्या गाऊन सांगणारे. एक वाट चुकली तर दुसरी सांभाळून घेते. वागादूनंतर माली, मालीनंतर सोंघाई, एकाहून एक मोठी राज्यं झाली. तिंबक्तूच्या बाजारात तर पुस्तकांना इतर मालापेक्षा जास्त किंमत यायची. आणि तरीही पुढे बाहेरून आलेल्या राज्यकर्त्यांनी पुस्तकांत लिहिलं, की आफ्रिकेला इतिहासच नाही! लहानपणी एका जुन्या पुस्तकात मी ते वाचलं. घरी येऊन रडले होते."

"आणि ते खडे मांडून जाणं?" मी हळूच विचारलं.

"त्याला मूकव्यापार म्हणतात (न बोलता, समोर न येता केलेली देवाणघेवाण). मीठवाले नदीकाठी मिठाचे ढीग लावायचे, ढोल वाजवायचे आणि लांब निघून जायचे. मग सोनंवाले यायचे. प्रत्येक ढिगाशेजारी त्यांना वाटेल तेवढं सोनं ठेवायचे आणि तेही दूर जायचे. मीठवाले परत येऊन बघायचे. पटलं तर सोनं उचलायचं. नाही पटलं तर दोन्ही तसंच ठेवून पुन्हा लांब जायचं. सोनं उचललेलं दिसलं, की सोनंवाले मीठ न्यायचे. एकमेकांची भाषा येत नसताना, चेहराही न बघता! आता खरं सांगते, ज्यांनी हे लिहिलं त्यांतल्या बहुतेकांनी ते स्वतः पाहिलेलं नव्हतं. ही ऐकीव गोष्ट आहे असं काही इतिहासकार म्हणतात. पण एकदा मालीच्या एका सम्राटाला वाटलं..."

एवढ्यात बाहेर आंब्यांची गाडी आली. मी "आलेच!" म्हणून पळाले आणि गोष्ट अर्धीच राहिली. हे लक्षात ठेवा, कारण माझी चूक इथेच सुरू झाली.

त्याच संध्याकाळी कुंबाआजीने आईला विचारून त्यांतला एक खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "कणांची ही रचना पृथ्वीवर होत नाही."

मी आनंदाने पडवीत तीन उड्या मारल्या. परग्रहावरचे! आमच्या वाफ्यात! आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "खंयचे का आसत ना, बिचारे भर उन्हातून येतत."

"मूकव्यापार ऐकीव आहे की खरा, ते करूनच बघूया," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आईने सगळे खडे उचलले, मीठ तिथेच ठेवलं आणि भोंग्याबरोबर आम्ही घरी आलो. चार वाजता धावत गेलो, तर मीठ जसंच्या तसं! शेजारी नवे दोन खडे. आईने तेही उचलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ जागेवर आणि आणखी तीन. असं चार दिवस झालं. कुंबाआजी चक्रावली. "सौदा पटूनही ते नेत का नाहीत?"

पाचव्या दिवशी तिने आईवर नजर ठेवली. आईने खडे पदरात घेतले, इकडेतिकडे बघितलं, आणि ढिगावर ओंजळभर मीठ वर घातलं.

"सुलभाबाई! हे काय करता?"

"म्हंजे? माप भरला काय मूठभर वर घालूची! माझ्या आवशीन घातली, तिच्या आवशीन घातली. आणि इतके खडे घेऊन नुसता मापभर मीठ दिलंय तर ता लुबाडल्यासारखा नाय जाता?"

कुंबाआजीने कपाळाला हात लावला. बिचाऱ्या पाहुण्यांना ढीग रोज थोडा वाढलेला दिसायचा. म्हणजे सौदा संपलेला नाही, आपणही वाढवायला हवं, असं समजून ते खडे वाढवायचे. ते बघून आईला वाईट वाटायचं आणि ती आणखी मीठ घालायची. दोन्हीकडून नुसता उदारपणा, आणि व्यापार जागच्या जागी!

"वरची मूठ बंद करावी," डबी म्हणाली.

"माका नाय जमाचा," आई म्हणाली.

शेवटी तोड निघाली. ढीग तसाच ठेवायचा, आणि वरची मूठ बाजूला, एका मोठ्या शिंपल्यात. त्या दुपारी ढीग गेला. शिंपल्यातलं मीठ तेवढं पाहुण्यांनी तसंच ठेवलं होतं. ओल्या बांधावर तीन बोटांच्या पावलांच्या खुणा होत्या.

मग रोजचा व्यवहार सुरू झाला. तो खडा आपल्याभोवतीची उष्णता पिऊन घेतो आणि आठवडाभराने राखाडी होऊन थांबतो, हे कुंबाआजीने शोधून काढलं. आईने त्याचा उपयोग शोधला. टोपलीखाली डोक्यावर ठेवायची तिची कापडाची चुंबळ होती, तिच्यात एक खडा बांधला. भर उन्हात तिचं डोकं सावलीत असल्यासारखं गार राहू लागलं. चक्कर येऊन पडल्यापासून वर्षभरात पहिल्यांदाच आईला वाफ्यात गाणं म्हणताना मी ऐकलं.

खरं तर इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला त्यांना बघायचं होतं! शाळेने मला सुट्टीतल्या पक्षीगणनेसाठी एक यंत्रटिटवी दिली होती. दिसायला-ओरडायला टिटवीच, डोळ्यांत कॅमेरे. एका दुपारी एक वाजता मी ती गुपचूप सातव्या वाफ्यावर सोडली.

पडद्यावर ते तिघे दिसले. बुटके, ओल्या पिशव्यांसारखे काहीतरी पांघरलेले. त्यांनी खडे मांडले. मोठ्याच्या पाठीवर एक छोटं होतं, मलूल, मान टाकलेलं. दुसऱ्याने चिमूटभर मीठ पाण्यात कालवून त्याच्या अंगाला लावलं आणि ते छोटं हललं. मला राहवलं नाही. अजून जवळून बघायला मी टिटवी खाली आणली, आणि ती ओरडली. तिघेही दचकून पडले. छोट्याला छातीशी धरून, सगळं तिथेच टाकून ते पळाले.

मी चार वाजता गेले आणि काहीच न घडल्यासारखे खडे उचलून आणले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. एक दिवस, दोन, तीन. आमच्याकडचे खडे एकेक करून राखाडी होऊ लागले. चौथ्या सकाळी चुंबळीतलाही राखाडी झाला आणि वाफ्यातून येताना आई दोनदा थांबली आणि भिंतीला टेकली. मला ते छोटं आठवलं. मी कुंबाआजीसमोर जाऊन सगळं भडाभडा सांगून टाकलं आणि खूप रडले.

ती रागावली नाही. म्हणाली, "त्या दिवशी तू गोष्ट अर्धी टाकून गेलीस. ऐक आता. मालीच्या एका सम्राटाला वाटलं, हे सोनंवाले दिसतात तरी कसे? त्याने माणसं लपवली आणि एकाला पकडून आणलं. तो माणूस एक शब्द बोलला नाही, अन्नाला शिवला नाही आणि चार दिवसांनी मरण पावला. पुढची तीन वर्षं सोनंवाले त्या नदीकाठी फिरकले नाहीत. एका जुन्या प्रवाशाने लिहून ठेवलंय."

"तीन वर्षं! मग परत का आले?"

"मिठावाचून राहवेना म्हणून. मूकव्यापारात ना पहारा असतो ना करारपत्र, शलाका. दोन्हीकडचे विश्वास ठेवतात, एवढ्यावरच तो चालतो."

"पण ते छोटं तीन वर्षं थांबेल का? मी माफी कशी मागू? तुझ्या डबीलाही त्यांची भाषा येत नाही."

"वस्तू आहेत ना तुझ्याकडे? आजवर तुम्ही वस्तूंनीच बोललात."

मी विचार केला. त्या दिवशी ते मीठ न नेताच पळाले आणि मी खडे मात्र घेऊन आले. म्हणजे मीठही आमचं आणि खडेही आमचे! हे आईला सांगितलं तेव्हा ती उभीच राहिली.

"म्हंजे आमी चोर ठरलो गो!"

तिने त्या दिवशीचे सगळे खडे काढले. चुंबळीत नवा बांधलेला खडाही त्यातलाच होता. तो ती सोडू लागली तेव्हा मी म्हटलं, "आये, ह्यो तरी र्‍हवांदे. तुका होयो आसा." तिने ऐकलं नाही.

मी टिटवीचे दोन्ही डोळे काढून बांधावर उघडे मांडले. (शाळेत काय सांगायचं, ते नंतर बघू.) शेजारी त्यांचे खडे परत ठेवले आणि मिठाचा ढीग लावला. आईने शिंपला खसखसून धुतला आणि त्यात सगळ्यात बारीक, पांढरंशुभ्र मीठ ओंजळभर घातलं. "ही मूठ पोराची," ती म्हणाली. मग आम्ही पाठ फिरवून घरी आलो.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. आई त्या दिवशी वाफ्यात गेली नाही, पडवीत निजून राहिली आणि मी तिला वारा घातला.

दुसऱ्या दिवशी चारचा भोंगा संपायच्या आत मी सातव्या वाफ्यावर होते. ढीग नव्हता! खडे होते, तेवढेच, ओळीने, आणि आता ते आमचे होते. टिटवीचे डोळे कुणीतरी चिखल पुसून नीट बाजूला ठेवले होते.

शिंपलाही रिकामा होता. नाही, अगदी रिकामा नव्हता. त्यात मुगाच्या दाण्याएवढा एक खडा होता. ओळीत नाही, हिशोबात नाही, वेगळा ठेवलेला. आणि शिंपल्यापासून पाण्यापर्यंत तीन बोटांची पावलं उमटलेली, माझ्या अंगठ्याएवढी. ते छोटं स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं.

मागून आई आणि कुंबाआजी आल्या. आईने शिंपला उचलला, दाणा तळहातावर घेतला आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

"बघ गो, तेंनीय वर घातल्यानी!"

डबीने याचं भाषांतर केलं की नाही, मला आठवत नाही. कुंबाआजीला ते आधीच समजलं होतं.

आज मी कुंबाआजीच्या गावी, काये शहरात शिकते. आमच्या मिठागरावर अजूनही ढीग लागतात आणि खडे येतात. पाहुण्यांचा एक शब्दही आम्हाला येत नाही, त्यांना आमचा येत नाही. पण कधीतरी आम्ही समोरासमोर बसू, आणि तोवर घाई करायची नाही, हे मी शिकले आहे. आई उन्हात गाणं म्हणते आहे. मागच्याच आठवड्यात तिचा फोन आला होता. म्हणत होती, शिंपल्याजवळची पावलं आता पहिल्यापेक्षा मोठी दिसतात, म्हणून तिनेही शिंपला थोडा मोठा घेतला आहे.